बैलकण्यावर मागच्यानं बोलायचं

चिमामावशी, काल तुझा दहावा झाला. सगळे जीपनं आले, मी बैलकण्यानं चढून आले. एकटी. पंचावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारी, आणि उंचीला पहिल्या दिवसाइतकीच भिणारी मी. मंचरला घरी येऊन पोटऱ्यांना तेल चोळलं तरी थरथर काही थांबेना. म्हटलं, तसंच लिहायला बसावं. तुझ्याशी बोलायचं राहिलं की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आठवतंय का गं तुला, आपली गाठ कशी पडली ते? मी सरकारी नर्स, तळेघरच्या अंगाला नवीनच बदली होऊन आलेली. माहेर-सासर दोन्ही मंचरचं, कांद्याबटाट्यातलं. जन्मात कधी उंचावर चढले असेन तर घरच्या माळ्यावर, आणि तेही शिडी धरायला खाली दोघांना उभं करून. तू वरच्या वाडीची सुईण. वाडीतलं निम्मं माणूस तुझ्या हातावर जन्मलेलं. दोघींचं काम एकच, त्यामुळं पहिल्या दिवसापासून आपली जुंपलेली. पल्स पोलिओ नुकतं सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. वाडीला रस्ता नव्हता. होती ती धार, बैलाच्या पाठीच्या कण्यासारखी, दोन्ही अंगांना दरी. कुठं दोन हात रुंद, कुठं एकच पाऊल बसेल एवढी. म्हणून तिला तुम्ही बैलकणा म्हणायचात. खालून ती बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

फाल्गुन होता. पळसाला पान नव्हतं, नुसती फुलं. पांगारा फुललेला, काटेसावर फुललेली. धारेच्या कडेनं लालभडक धायटी, करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी फुलं, मधेच अंजनीचं निळं-जांभळं झुडूप. शहरातली माणसं असलं बघायला मुद्दाम गाड्या करून येतात म्हणे. मी मात्र अजूनही पळस फुललेला दिसला की घाबरते. तू मला न्यायला खाली आली होतीस. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी. मला खालून वर बघितलंस, नाक उडवलंस आणि पहिलं वाक्य बोललीस ते काय, तर, "तोंड धू."

"का?" मी म्हटलं. मला राग आला होता.

"पावडरीचा वास येतोय. खाली कड्याला आग्या मोहोळं हायेत. फुलांचे दिस हायेत, माशा लई ताठ्यात असत्यात. आन् तू निगालीस घमघमत. तू मरशील ती मरशील, मला बी मारशील."

झऱ्यावर तोंड धुतलं. मग तू माझ्या केसांतला मोगऱ्याचा गजरा काढून फांदीला अडकवलास. "येताना घे," म्हणालीस. येताना बघितलं तर तो कुणाच्या तरी शेळीनं खाल्लेला. तू इतकी हसलीस की मला तुझे दोन पडलेले दात मोजता आले.

धारेला पाय लावायच्या आधी तू मला नियम सांगितलास. दोघंच असली तर मागच्यानं बोलत राहायचं. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. धारेवर वळलं की तोल जातो, म्हणून डोळ्यांचं काम कानानं करायचं. मागचा आवाज येतोय तोवर मागचं माणूस आहे. वाडीतली लेकरंसुद्धा असंच चालतात, म्हणालीस.

"पण बोलू काय?" माझा आवाज आधीच फाटलेला.

"काय बी बोल. मंचरच्या कांद्याचा भाव सांग. फकस्त मोहळापाशी हळू बोल, आन् गप बसू नगं."

मी लसीचा डबा खांद्याला अडकवला आणि बोलायला लागले. कांद्याचा भाव सांगितला, बटाट्याचा सांगितला, सासूची खोकल्याची तक्रार सांगितली. खाली बघायचं नाही असं ठरवलं की डोळे नेमके खालीच जातात. दरीतून माशांचा घुंऽऽ असा आवाज वर यायचा. पायाखालचं वाळलं गवत तेल सांडल्यागत निसरडं. सांगण्यासारखं सगळं संपलं तेव्हा मी लसींची यादी म्हणायला लागले. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. वर पोचल्यावर तू म्हणालीस, "बया बया, काय शाळा घेतलीस गं धारंवर!"

मावशी, नंतर तीन वर्षं दर महिन्याला मी तुझ्या पाठीशी बोलत आले. तोंडावर कुणाला सांगितलं नसतं ते तुझ्या पाठीला सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नाही, हे. दर महिन्याला पाळी आली की मोरीचं दार लावून रडते, हे. दुसऱ्यांच्या लेकरांना सुई टोचताना त्यांना जरा जास्त वेळ मांडीवर धरते, हे. तू एकदाही वळली नाहीस, एकदाही "अरेरे" म्हणाली नाहीस. तुझी चाल मात्र जरा मंद व्हायची. एवढं मला पुरत होतं.

आणि मग तो दिवस. तेही फुलांचेच दिवस.

तुझ्या भावाची मुलगी सखू, जी तुझ्याच वाडीत दिलेली, तिला नववा सरत आला होता. पहिलटकरीण. मी पोट तपासलं तर मूल आडवं. मी म्हटलं, आजच हिला झोळीत घालून खाली नेऊ, तिथून गाडी करून मंचरच्या दवाखान्यात. तू ऐकेनास.

"ह्या धारंवरनं पहिलटकरणीला हिंदकळत न्यायची? वाटंतच व्हईल."

"मावशी, मूल आडवं आहे. माझा हात फिरलाय तिच्या पोटावरनं."

"माझा बी फिरलाय. आजून आट-धा दिस हायेत. फिरंल त्ये. अशी कितीक फिरवल्यात म्या."

"आणि नाही फिरलं तर? पोरगी हातची जाईल."

आपण भांडतच वाडीबाहेर पडलो, भांडतच धारेला लागलो. पुढं तू, मागं मी. पुरुष माणसं भाताच्या रोपांसाठी राब भाजायला रानात गेलेली, वाडीत बाया-लेकरं तेवढी. मी बोलत होतेच, फक्त त्या दिवशी ते बोलणं म्हणजे तुझा उद्धार होता. अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, सखूचं काही झालं तर तुझ्या माथ्यावर असंही म्हटलं. पहिल्याच वळणावर, जिथं धायटीची जाळी वाटेवर आलीय, तिथं तू पुढं बघूनच म्हणालीस, "तुजी कूस कदी उजवली न्हाई, तुला काय कळायचं गं त्यातलं?"

माझ्याच तोंडून, ह्याच धारेवर, तुझ्या पाठीला सांगितलेलं होतं ते. मी तोंड मिटलं.

मला नियम माहीत होता. विसरले नव्हते, मावशी. दम लागला नव्हता. मी मुद्दाम गप्प बसले, आणि पाय जागीच रोवले, म्हणजे पावलांचाही आवाज येऊ नये.

"बोल की, शिस्टर."

मी गप्प.

"आगं, हायेस का?"

मी गप्प. तुझा आवाज बदलला होता. धारेवरून बाजाराला निघाल्यागत चालणारी तू, तुझ्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. भोग म्हटलं जरा. रोज मी भिते, आज तू भी.

"शिस्टर?" म्हणालीस आणि वळलीस.

पुढचं फार पटकन झालं. वाळक्या गवतावरून पाय गेला, तू बसल्यासारखी झालीस आणि कडेवरून खाली. धायटीच्या जाळीनं तुला धरलं म्हणून. पुरुषभर खाली तू अडकलेली, एक पाय भलत्याच बाजूला. जाळी हलल्यावर तिच्यावरच्या माशा उठल्या. मी किंचाळणार तेवढ्यात तू बोट ओठावर ठेवलंस. त्या हालतीतही तुला मोहोळाचं भान होतं.

"म्या हालत न्हाई," तू दात आवळून म्हणालीस. "तू मागारी वाडीत जा. बोलत जा. आवाज येतोय तवर म्या समजंन, शिस्टर पडली न्हाई."

वाडी तिथून काही लांब नव्हती, पण पुढं तुझी पाठ नव्हती. मी वाकून, हातांनी गवत धरत, चारी पायांवर गेले. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. रडत होते आणि यादी म्हणत होते. मागून तुझा "हां" यायचा. मग "हां" यायचा बंद झाला, तेव्हा मी धावले. त्या धारेवर धावले! 

रानातून माणसं आली. तुला वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तुझ्यासाठी झोळी बांधली, आणि झोळीत पडल्या पडल्या तू म्हणालीस, "सखूला बी घ्या. दुसरी झोळी बांदा." अशा दोन झोळ्या धार उतरल्या. तिसऱ्या दिवशी मंचरला सखूच्या पोटावर ऑपरेशन झालं. मूल फिरलं नव्हतं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, वर राहिली असती तर काही खरं नव्हतं.

झालं! वाडीभर एकच. देवानंच चिमाबाईचा पाय घसरवला, म्हणून सखू खाली आली. तू पण तेच सांगत सुटलीस, "माजाच पाय गेला. देवाची करणी." आणि मी काय केलं? मान डोलावली. माझं पाप मी देवाच्या नावावर खपवलं. सखूच्या मुलीचे पापे घेतले, वाडीनं दिलेला नारळ घेतला, आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा.

तुझा पाय आखूडच राहिला. काठी आली. दिवसातून दोनदा धार चढणारी तू, तुझं जग धारेच्या तोंडाशी असलेल्या तुझ्या घराच्या ओट्यापुरतं झालं. मी आले की तू तिथं बसलेली. आणि आपला वाद चालूच. "फिरलं असतं त्ये. दोन दिसांत फिरलं असतं," तू म्हणायचीस. "नसतं फिरलं, मावशी," मी म्हणायची. त्या भांडणात किती बरं वाटायचं मला! भांडतेय म्हणजे हिला काही कळलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

एकदाच तू विचारलंस. शेंगा सोलत होतो आपण. मान वर न करता म्हणालीस, "शिस्टर, त्या दिशी तू मधीच गप का झालीस गं?"

"चप्पल तुटली होती," मी म्हटलं. "अंगठा निघाला होता, तो बसवत होते."

तू माझ्या पायांकडे बघितलंस. मग म्हणालीस, "असंल."

त्या दिवसापासून मला तुझी भीती बसली. धारेची होतीच, तिच्यात तुझी भर पडली. पुन्हा विचारशील, आणि मला पुन्हा खोटं बोलावं लागेल. किंवा खरं बोलावं लागेल, आणि तू मला ओट्यावरून उठवशील.

तरी ड्यूटी म्हणजे ड्यूटी. वाडीतलं कुणी खाली आलं असेल तर सोबत मिळायची, नाहीतर एकटीच यायची. एकटीनं चालताना पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, तरी मी मोठ्यानं बोलायची. बोलणं थांबलं की पाय थांबायचे. आणि धायटीच्या वळणावर आले की दर वेळी एकच वाक्य तोंडून निघायचं. "मावशी, मी मुद्दाम गप्प बसले होते गं. तू घाबरावंस म्हणून." तिथं बोलणं सोपं होतं, कारण ऐकायला कुणी नव्हतं. बोलून झालं की छाती हलकी व्हायची. उरलेला चढ चढून तुझ्या ओट्याशी यायची तर तू चहा कपात ओतत असायचीस. दर वेळी. मला वाटायचं, म्हातारीला दिवसभर चहाच लागतो.

मग पलीकडच्या अंगानं रस्ता झाला. कच्चा, पण जीप येणारा. माझा आनंद काय सांगू! पुन्हा म्हणून धारेला पाय लावला नाही. जीपनं यायची, सुया टोचायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय असं सांगून तुझ्या ओट्यावरून उभ्या उभ्या निघायची. तू म्हणायचीस, "आता पयल्यावाणी येत न्हाईस तू." मी म्हणायची, "येते की, महिन्याला येते." पुढं बदली झाली, तेही सुटलं. वाडीत मोबाइल आला तेव्हा सखूकडून तुझी खुशाली कळायची. तुला फोन दे, असं मी म्हणायची नाही.

या फाल्गुनात सखूचा फोन आला. "आत्यानं अन्न सोडलंय. सारकी इचारती, शिस्टरचा आवाज का येत न्हाई. येऊन जा, बाई."

मी म्हटलं, "उद्या येते."

आले नाही. घरात पाहुणे नव्हते, मी आजारी नव्हते, जीपही मिळाली असती. पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली होती. पण मला वाटलं, मरताना माणूस खरं विचारतं. तू विचारशील, आणि मी चप्पल-चप्पल करत बसेन. दोन दिवस मी त्या पिशवीकडं बघत घरात बसले. तिसऱ्या दिवशी सखूचा फोन आला तेव्हा तिनं "गेली" एवढंच म्हटलं. तू मागं वळून हाका मारत होतीस आणि मी परत गप्प बसले होते.

म्हणून काल मी जीपला नको म्हटलं. घरात कुणाला सांगितलं नाही. हे म्हणाले, पावडर न लावता कुठं निघालीस? मी म्हटलं, दहाव्याला.

झऱ्याला पाणी थोडंच होतं, तरी तोंड धुतलं. धार वापरात नसल्यानं आता गवत वाटेवर आलंय, वाट शोधावी लागते. पळस तसाच, पांगारा तसाच. पहिल्या शंभर पावलांत तीनदा खाली बसले. वाटलं, इथंच पडेन आणि चार दिवस कुणाला कळणारही नाही. मग बोलायला लागले. पेन्शनच्या कागदांचं सांगितलं, ह्यांच्या घोरण्याचं सांगितलं. मोहोळापाशी आवाज खाली घेतला. माशा आहेत अजून, मावशी, तसाच घुंऽऽ येतो खालून. मी पुटपुटत राहिले.

धायटीच्या वळणावर उभी राहिले. जाळी आता दुप्पट झालीय, लालच लाल. मोठ्यानं म्हटलं, "मावशी, चप्पल तुटली नव्हती. मी मुद्दाम गप्प बसले. आणि सखूनं बोलावलं तेव्हाही मुद्दामच आले नाही. मला तुझी भीती वाटली." तिथंच बसून रडून घेतलं. मग उरलेला चढ चढले.

ओट्यावर सखू बसली होती. चहा कपात ओतत होती.

"अगं, तुला कसं कळलं मी येतेय ते?" मी विचारलं.

"कसं म्हंजी? वळणापासनं ऐकतीय की तुमाला." तिनं कप पुढं केला. "दुपारचा वारा खालनं वर येतो न्हवं का. त्याच्यासंगं वळणावरचं बोलणं सगळं ह्या वट्यावर येतं. आत्या तर तुमचा आवाज आला की म्हणायची, शिस्टर आली, आधण ठिवा."

मी कप खाली ठेवला. "सगळं येतं?"

"सगळं." सखू खाली बघत होती. "म्या एकदा म्हनले, आत्या, त्यास्नी सांगू का, ऐकू येतं म्हनून. तर मलाच ओरडली. म्हनली, अजाबात सांगायचं न्हाई. लाजंल ती, गप व्हईल. बोलत आली की पडत न्हाई."

मी ओट्यावर तुझ्या जागेला हात लावला. तिथलं शेणाचं सारवण झिजून गुळगुळीत झालंय, तू बसायचीस तेवढंच. किती वर्षं, मावशी? तू बसून ऐकलंस, मग चहा दिलास, मग भांडलीस. आणि शेंगा सोलताना विचारलंस तेव्हा तुला उत्तर नको होतं, मला सांगायला वाट करून देत होतीस. आणि रस्ता झाल्यावर आवाज यायचा बंद झाला, तरी तू तिथंच बसत राहिलीस.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर सखू म्हणाली, जीपमधी जागा हाय. मी नको म्हटलं.

"मग आवाज येऊ द्या," ती म्हणाली.

उतरताना जास्त भीती वाटते, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. धारेला पाय लावला आणि बोलायला लागले. मूल फिरलं नसतं, मावशी, ते मी अजूनही म्हणतेय. वळणाशी आले तोवर बोलायचं सगळं संपलं, मग यादी म्हटली. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. मागं तुझा ओटा होता. मी वळून बघितलं नाही.